कवळीतला स

मागच्या आठवड्यात क्लिनिकमधलं जुन्या केस पेपरचं कपाट आवरायला काढलं. सात-आठ वर्षांपूर्वीचे गठ्ठे, काहींना कसर लागलेली, आणि त्यात एक पेपर हाताला लागला ज्यावर व्यवसायाच्या रकान्यात पेनानं एकदम वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'उद्घोषक (निवृत्त)'. आमच्याकडं त्या रकान्यात शेती असतं, घरकाम असतं, नाहीतर मोकळंच असतं. मला आठवतंय तेव्हा आमच्या काउंटरवरच्या पोरीनं आत येऊन हळूच विचारलेलं, मॅडम उद्घोषक म्हणजे दवंडीवाले का हो?

मी परभणीत दातांची डॉक्टर. तो केस पेपर ज्या काकांचा, ते आकाशवाणी परभणीवर उद्घोषक होते, म्हणजे रेडिओवर माईकसमोर बोलणारे. नाव-बिव काकांचं सांगत नाही, सांगायची गरजही नाही. सत्तरी ओलांडलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. वर-खाली एकही दात नाही, वरची-खालची पूर्ण कवळी होती पण ती दुसरीकडून बसवलेली. कवळीच्या तक्रारी मला पाठ आहेत, टोचते, ढिली झाली, भाकरी चावत नाही, हरभरा तर विषयच सोडा. काका म्हणाले, "जेवायला काही त्रास नाही डॉक्टर. पण स माझा राहिला नाही."

मी म्हणलं काय राहिलं नाही?

"स. समईतला."

आता मी पाथरी तालुक्यातल्या खेड्यातली. माझ्या आजीला आयुष्यभर श म्हणता आला नाही आणि ण पण नाही, ती 'आकासवानी परभनी' म्हणायची, आणि तिचं सगळं घड्याळ त्यावरच चालायचं. कातडी कव्हरचा रेडिओ देवळीत, सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि परत घालायचे, दोन दिवस अजून चालतात, हे ज्यांच्या घरी केलं असेल त्यांनाच खरं वाटेल. काटा 1305 वर असायचा आणि तो कुणी हलवायचा नाही, हलवला की आजी खवळायची. साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या लागल्या की आमची शाळेला पळापळ. संध्याकाळी शेतीचं लागलं की आजोबा बाजेवरून उठून जवळ येऊन बसणार, कृषी विद्यापीठाचे कुणी कापसावरच्या बोंडअळीचं सांगायलेत तर मधे आम्ही हूं की चूं करायचं नाही. त्या आवाजाला माझ्या डोक्यात चेहरा कधी नव्हताच. आणि आता तो आवाज माझ्या खुर्चीत बसून तोंड उघडून होता आणि आत एक दात नाही. खरं सांगते, मला तो आवाज ओळखू आला नाही. लोक म्हणतात लगेच ओळखला, अंगावर काटा आला वगैरे, माझं तसं काही झालं नाही, त्यांनी सांगितल्यावर पण मला तो साधा म्हाताऱ्या माणसाचाच वाटला.

असो, कामाचं सांगते. स काढताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागं अगदी जवळ जातं पण टेकत नाही, तेवढ्या बारीक फटीतून हवा जोरात जाते, तोच स. कवळीचा टाळूचा भाग जाड झाला की जिभेला जागा उरत नाही आणि स चा श नाहीतर थ होतो. म्हणून कॉलेजात शिकवतात की मेणाची ट्रायल असते, म्हणजे कवळी पक्की करायच्या आधी दात मेणात बसवून तोंडात घालून बघतात, तेव्हा पेशंटला इंग्लिशमध्ये साठपासून पुढं मोजायला लावा. मी ते मराठीत करते, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, आपल्या आकड्यांत तर स आणि ष्ट दोन्ही येतं, आयतंच. फ आणि व साठी वावर आणि फुफाटा म्हणायला लावते, वरचे दात खालच्या ओठाला नीट टेकतात का ते कळतं.

तर मी ठरवलं की जुन्या कवळीचा टाळू जाड आहे, नवीन करू, पातळ. माप घेताना मजा झाली. मापाचा ट्रे तोंडात घातला की ते घट्ट होईपर्यंत दोन-तीन मिनिटं बोलता येत नाही. काका डोळे मिटून बसलेले, ट्रे काढला तसं पहिलं वाक्य, "प्रसारणात व्यत्यय आल्याबद्दल क्षमस्व." आमची पोरगी हसून हसून बेजार.

कवळीला पाचेक खेपा होतातच, त्यामुळं गप्पा बऱ्याच झाल्या. सुरुवातीला ते नैमित्तिक उद्घोषक होते, महिन्याला सहा ड्युट्या, मग पुढं कायम झाले. मला वाटायचं माईकसमोर बसायचं आणि बोलायचं, त्यात काय एवढं. ते म्हणाले, परभणी हा शब्दच माईकचा वैरी आहे, सुरुवातीलाच प आणि लगेच भ, दोन्हींना तोंडातून हवेचा फटका बसतो आणि रेडिओत धप्प असा आवाज येतो. म्हणून गावाचं नाव घेताना मान किंचित वळवायची, हवा माईकच्या बाजूनं जाऊ द्यायची. त्यांनी ते खुर्चीत बसून करून दाखवलं, माझा आरसा हातात धरून, माईक म्हणून. 'बनी तो बनी नहीं तो परभणी' म्हणतात ते आमच्या गावाला, पण माईकवर सुद्धा ते बनत नाही हे मला नवीनच होतं. कागदाला टाचणी लावायची नाही, पान उलटायचं नाही, हळूच सरकवायचं, नाहीतर श्रोत्यांना कागद ऐकू येतो. स्पूलची टेप ब्लेडनं तिरकी कापून चिकटपट्टीनं जोडायची. लाल दिवा लागला की खोकला गिळायचा. आणि च दोन आहेत हे कधी विसरायचं नाही. त्यांना शिकवणाऱ्यांनी म्हणे 'चार चोर' हे दोन शब्द शंभर वेळा म्हणायला लावले होते, चार चा च वेगळा, चोर चा वेगळा. बोलून बघा, खरंय.

टीव्हीबद्दल विचारलं तर फारसे खूश नव्हते. मुंबई दूरदर्शन 1972 ला सुरू झालं पण आमच्याकडं टीव्ही यायला बरीच वर्षं गेली. दूरदर्शनवर बातम्या वाचणाऱ्या प्रदीप भिडेंचं मात्र त्यांनी मनापासून कौतुक केलं, पुणे आकाशवाणीच्या सुधा नरवण्यांचं पण, आणि अमीन सायानींचं नाव काढलं की कानाला हात लावायचे. मग म्हणाले, "टीव्हीवाल्यांचे दात दिसतात, आमचे ऐकू येतात."

किल्लारीच्या भूकंपाचं पण बोलले एकदा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, त्या सकाळी पहिल्या सभेची, म्हणजे सकाळच्या प्रसारणाची, ड्युटी त्यांची होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, रस्त्यावर गुलाल तसाच, माणसं घराबाहेर अंथरुणं टाकून बसलेली आणि हे सायकलवर निघालेले. कुठं काय झालंय काही कळेना. हातात कागद आल्याशिवाय उद्घोषकानं मनाचं बोलायचं नाही, हा नियम. "मी फक्त सुप्रभात म्हणायचं टाळलं," एवढंच म्हणाले आणि तोंड उघडून बसले, म्हणजे पुढचं काम करा.

मग ट्रायलचा दिवस. टाळू मी इतका पातळ केला होता की लॅबवाल्यानं फोन करून विचारलं, मॅडम फुटंल की. मेणातले दात तोंडात बसवले, मोजा म्हणलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, सगळं स्वच्छ. मी खूश. काका मान हलवायलेत. म्हणे, "स्पष्ट आहे. पण हा दुसऱ्याचा आहे."

बाहेर सहा पेशंट, एक लेकरू दाढेच्या ठणक्यानं रडायलंय, मला वैताग आला आणि मी बोलून गेले, काका, आता कुठं रेडिओवर बोलायचंय तुम्हाला? ते काही बोलले नाहीत. मेणाचे दात स्वतः काढले, रुमालानं तोंड पुसलं, पेन खिशाला नीट लावला आणि गेले. रात्री जेवताना मला ते सारखं आठवायलं. तोंड माझंच, दुसऱ्या कुणाला काय म्हणू.

मंगळवारी परत आले ते काकूंना घेऊन. काकूंच्या पिशवीत जुना टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट. आम्ही कवळी करताना पेशंटला लग्नाचा फोटो आणायला सांगतो, पूर्वीचे दात कसे होते ते बघायला. यांच्या सगळ्या फोटोत तोंड बंद, मी आधीच विचारलं होतं. म्हणून फोटोऐवजी कॅसेट. काकूंनी कधीतरी घरच्या रेडिओसमोर टेप ठेवून ते भरलेलं होतं. आधी नुसती खरखर, मग एका गाण्याचा शेवट, मग आवाज. हे आकाशवाणीचं परभणी केंद्र आहे. मागं कुकरची शिट्टी, लेकराचं रडणं, आणि काकूंचाच आवाज, "आरं गप की, बाबा बोलायलेत!"

त्या आवाजानं मात्र मला गाठलं. हातात मेण कोरायचा कार्व्हर तसाच राहिला. पण मी तो भलत्याच कारणासाठी ऐकत होते, स साठी. तीन वेळा मागं घेऊन ऐकलं. सायंकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. सायंकाळ, सहा, दोन्ही वेळेला त्या स ला एक बारीक धार होती. शिट्टी नाही म्हणता येणार, शिट्टीच्या अलीकडचं काहीतरी. पुस्तकाप्रमाणं तो दोष. माझा पातळ टाळूवाला स त्याच्यापुढं धुतलेल्या तांदळासारखा होता, शुद्ध आणि बेचव.

मी विचारलं, काका, तुमच्या पुढच्या दोन दातांत फट होती का?

काका गप्प. काकू म्हणाल्या, "होती म्हंजे? जवारीचा दाना बसंल येवढी! सोयरीक आली तवा माझी आत्या म्हनली, पोरगं बरंय पन दातात खिडकी हाय."

काकांना लहानपणी शाळेत त्यावरून चिडवायचे, त्यामुळं फोटोत तोंड बंद. आणि जुनी कवळी करताना त्यांनीच सांगितलं होतं, दात कसे सरळ, एकाला एक चिकटून बसवा. म्हणजे फट त्यांनीच बुजवून घेतली आणि स त्यात गेला, हे त्यांच्याही ध्यानात आलेलं नव्हतं. मला पण टाळूच दिसत होता, आम्हाला शिकवलेलं ते आधी दिसतं.

"पण ते वाईट दिसंल," काका म्हणाले, अगदी हळू.

"आता कोन बघायलंय," काकू. "आन तसं बी घरी तुम्ही कुठं येवढं शुद्ध बोलता वो, ते समदं रेडिओवालं होतं."

मी स्पिरिटचा दिवा लावला, चाकू गरम केला, मेणातून वरचे मधले दोन दात मोकळे केले. सुरुवातीला अर्धा मिलिमीटर. तोंडात बसवलं, बोलले, नाही. परत काढलं, परत दिवा, मेण मऊ केलं, अजून थोडं. दातांच्या मागच्या बाजूचं मेण पण जरा खरवडलं कारण हवा नुसती फटीतून नाही, मागून वळून यायला पाहिजे. एकदा फारच झालं, खरोखरची शिट्टी वाजली, त्या दिवशी पण बाहेर एक लेकरू रडत होतं, ते थांबलं बहुतेक त्यानंच. काकू दरवेळी कॅसेट मागं घेऊन परत लावायच्या, पट्टी बारीक झालेली, मला भीती की तुटते आता. पाऊण तास गेला. बाकी पेशंटला पोरीनं काय सांगितलं देव जाणे. साधारण एक मिलिमीटरवर आल्यावर काकांनी डोळे मिटले, मान जराशी वळवली, माझ्या लाइटच्या दांडीकडं, आणि म्हणाले, सायंकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली आहेत.

सकाळचे साडेअकरा वाजले होते.

काकू म्हणाल्या, "ह्यो."

काकांनी डोळे उघडले, आरसा मागितला, तोंड उघडून बराच वेळ बघितलं. मग ओठ मिटून बघितलं. मग परत उघडून. मग विचारलं, "पैसे वाढतील का?" मी म्हणलं फटीचे पैसे घेत नाही मी.

लॅबवाल्याला मी चिठ्ठीत मोठ्या अक्षरात लिहिलं, फट मुद्दाम आहे, बंद करू नका, तरी त्याचा फोन आलाच.

कवळी बसवून दिली आणि दोन दिवसांनी सकाळी क्लिनिकचा फोन वाजला. "नमस्कार डॉक्टर." त्यात स होता, जिथं पाहिजे तिथं. खाली डाव्या बाजूला हिरडीला टोचतंय म्हणाले, बारकी जखम झालीय, जेवण होत नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना होतं, तेवढं घासून द्यावं लागतं. मी म्हणलं सोमवारी दहाला या, येताना कवळी घालूनच या म्हणजे जागा सापडते.

"सोमवार, सकाळी ठीक दहा वाजता," ते म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला, "आवो फोन ठिवा आता, दूध उतू चाललंय."