दोन्ही लॉग स्वच्छ होते

सकाळी पावणेअकराला मदत कक्षातल्या काकांचा फोन आला. "अगं, हा आजचा सहावा माणूस. सगळ्यांचं एकच म्हणणं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून पाठवला की पुन्हा पहिलं कोरं पान येतं. चूक दाखवत नाही, लाल अक्षरात काही येत नाही. नुसतं कोरं पान."

मी रात्रभराची जागलेली, पण समाधानात होते. आमच्या संस्थेचं नाव बदललं होतं आणि त्याबरोबर डोमेनही, म्हणजे वेबसाइटचं नाव. जुन्या नावाखाली सात सबडोमेन होती, म्हणजे त्याच नावाच्या आधी एक शब्द जोडून केलेली उपनावं, शिवाय तीन डब्ल्यूवालं आणि बिनडब्ल्यूचं मुख्य नाव. हे सगळं एका रात्रीत नव्या नावावर न्यायचं काम माझ्याकडे होतं. जुनी लिंक दाबणाऱ्याला नव्या नावाखाली नेमकं तेच पान मिळालं पाहिजे, हा माझा हट्ट होता. सगळ्यांना मुख्य पानावर आणून सोडलं की काम पाच मिनिटांत होतं, पण ते पत्ता विचारणाऱ्याला गावाच्या वेशीवर उभं करून निघून जाण्यासारखं आहे.

अशा कामात आधी लोकांना एक गोष्ट समजावावी लागते, की रीडायरेक्ट, म्हणजे आलेल्याला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं, डीएनएसमध्ये होत नाही. डीएनएस फक्त नावाचा आयपी पत्ता सांगतं. "तुम्ही मागितलेलं पान आता तिकडे आहे" हे वेब सर्व्हरच सांगतो, आणि ते ऐकायला ब्राउझर आधी जुन्या नावानेच दारात यावा लागतो. एचटीटीपीएस असेल तर सुरक्षित जोडणीची बोलणी त्याहीआधी होतात. म्हणून जुनं नाव कितीही निकामी वाटलं तरी त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हर खरोखर त्या नावाचा आहे याचा दाखला, चालू ठेवावं लागतं, नाहीतर रीडायरेक्टची पाळी येण्याआधीच माणसाला धोक्याची सूचना दिसते. एकाच दाखल्यात सगळी सबडोमेन घेणारं वाइल्डकार्ड सर्टिफिकेट एकाच पायरीपुरतं असतं. आमच्या एका सबडोमेनच्याही पुढे कोणीतरी एके काळी तीन डब्ल्यू लावून ठेवले होते, ते नाव त्यात बसत नव्हतं. ते सर्टिफिकेटमध्ये वेगळं घालून घेतलं.

रीडायरेक्टचे नियम अपाची या वेब सर्व्हरच्या मॉड-रीराइट या भागात लिहिले. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिलेलं आणि १९९७ मध्ये अपाची गटाला देऊन टाकलेलं हे मॉड्यूल. एवढ्या वर्षांनंतरही त्याचे नियम लिहिताना मी प्रत्येक खूण बोट ठेवून वाचते. पॅटर्नमधल्या टिंबापुढे उलटी तिरकी रेघ दिली नाही, तर तो टिंब कुठल्याही अक्षराशी जुळतो. कंसात पकडलेलं सबडोमेनचं नाव 'टक्का एक' म्हणून वापरायचं, तर ते शेवटच्या जुळलेल्या अटीतून येतं, म्हणून यजमाननावाची, म्हणजे विनंती कुठल्या नावाने आली त्याची, अट मी नेहमी शेवटी ठेवते. आणि हे सगळं एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (फोल्डरमधली नियमांची छोटी फाइल) न लिहिता व्हर्च्युअल होस्टमध्ये (सर्व्हरच्या मुख्य मांडणीतला त्या नावाचा भाग) लिहिते. एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नियमापर्यंत पोचताना पत्त्याची सुरुवातीची तिरकी रेघ गळून पडते, व्हर्च्युअल होस्टमध्ये ती असते. एकीकडचा नियम दुसरीकडे जसाच्या तसा चिकटवला की एक तर काही जुळत नाही, नाहीतर पत्त्यात दोन रेघा येतात.

सर्व्हर प्रत्येक उत्तराबरोबर एक आकडा पाठवतो. रात्री सुरुवातीला सगळे रीडायरेक्ट ३०२ चे ठेवले होते, म्हणजे तात्पुरते. ३०१ म्हणजे कायमचा. वेगळं काही सांगितलं नसेल तर ब्राउझर तो स्वतःकडे साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला विचारायलाही येत नाही. चुकीचा ३०१ एकदा बाहेर गेला की सर्व्हरवर दुरुस्त केला तरी लोकांच्या यंत्रांत तो तसाच राहतो. त्यामुळे जुन्या लॉगमधून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतून, काढलेल्या चारशे पत्त्यांवर कर्ल ही आज्ञा चालवून, प्रत्येक पत्ता एकाच उडीत योग्य पानावर पोचतो हे बघून, मगच पहाटे दीड वाजता ३०२ चे ३०१ केले. शिष्यवृत्तीच्या अर्जाचं सबडोमेनही ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं. पहिल्या पानावर माझं नाव आणि ईमेल भरलं, दुसरं पान आलं, ते बंद केलं. चालू डेटाबेसमध्ये खोटा अर्ज टाकायचा नव्हता.

काकांचा फोन ठेवला आणि नव्या नावाचा लॉग उघडला. दोनशे, दोनशे, दोनशे, म्हणजे सगळं ठीक. चुकांचे आकडे चारशे आणि पाचशेच्या घरातले, त्यातलं काही नाही. अर्जाच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्येही चुकीची एक ओळ नाही. जुन्या नावाचा लॉग उघडला, तर तिथे अपेक्षेप्रमाणे सगळे ३०१. दोन्ही लॉग स्वच्छ. पण नऊपासून डेटाबेसमध्ये एकही पूर्ण अर्ज आलेला नव्हता, आणि मुदत संपायला दोन दिवस होते.

मग काल टाळलं ते केलं. खोटा अर्ज भरायला बसले. ब्राउझरची डेव्हलपर साधनं उघडली, पान बदललं तरी नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्यातली खूण लावली, दुसऱ्या पानावरच्या निबंधाच्या चौकटीत चार ओळी टाकल्या आणि 'अर्ज पाठवा' दाबलं. कोरं पान आलं. बाजूला दोन ओळी उमटल्या होत्या.

पोस्ट, जुनं नाव, ३०१.
गेट, नवं नाव, २००.

पोस्ट म्हणजे सर्व्हरला काही देणारी विनंती, गेट म्हणजे नुसतं पान मागणारी. मला पोटात गलबललं. काय झालंय ते त्या दोन ओळींत पूर्ण लिहिलेलं होतं.

दुसऱ्या पानाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे साच्यात, फॉर्म कुठे पाठवायचा त्या जागी, जुन्या नावासकट पूर्ण पत्ता होता. ज्या काळात आमची फक्त अर्जाची पानं एचटीटीपीएसवर होती, त्या काळात फॉर्म नक्की सुरक्षित पत्त्यावरच जावा म्हणून कोणीतरी तो काळजीने लिहिला होता. लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आता नव्या नावाखालचं पान अर्ज जुन्या नावाकडे पाठवत होतं, जुनं नाव ३०१ म्हणत होतं, आणि ब्राउझर त्याच पत्त्यावर नव्या नावाखाली जात होता, पण गेट म्हणून, रिकाम्या हातांनी. निबंध, गुण, घरची माहिती, सगळं मधल्या उडीत गळत होतं. अर्ज क्रमांक लपवलेल्या रकान्यातून जात असे, तोही गळत होता. सॉफ्टवेअरला वाटायचं कोणी नवीन माणूस आलाय, म्हणून ते आदबीने पहिलं कोरं पान पुढे करायचं. त्यात चूक म्हणून नोंदवण्यासारखं कोणालाच काही दिसत नव्हतं.

ब्राउझर असं का करतात याला जुना इतिहास आहे. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम. त्याच्या १.० आवृत्तीचा दस्तऐवज १९९६ चा. पोस्टला ३०१ मिळाला तर वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं त्यात म्हटलं होतं, आणि काही ब्राउझर पोस्टचं गेट करून टाकतात ही तक्रारही तिथेच नोंदवलेली होती. ब्राउझर बदलले नाहीत. १९९९ च्या दस्तऐवजात मग दोन वेगळे आकडे होते: ३०३ म्हणजे "आता गेटनेच जा", आणि ३०७ म्हणजे "तात्पुरतं तिकडे जा, पण पोस्ट असेल तर पोस्टच राहू दे". कायमच्या रीडायरेक्टसाठी असा शब्द पाळणारा आकडा यायला २०१४ उजाडलं. तो ३०८. त्याच वर्षी मानकानेही मान्य करून टाकलं, की ३०१ वर पोस्टचं गेट होऊ शकतं. मला हे सगळं माहीत होतं. रात्री मात्र मी चारशे पत्ते तपासले ते फक्त हेडर, म्हणजे उत्तराच्या वरच्या ओळी, मागवून, म्हणजे काहीही न पाठवता. माणूस सर्व्हरकडून पान घेतो तेवढंच मी तपासलं, सर्व्हरला काही देतो ते तपासलं नाही.

टेम्प्लेट सुधारून प्रसिद्ध करायला दुपार होणार होती. शिवाय ज्यांच्या फोनवर जुनं पान उघडं होतं, त्यांचा फॉर्म टेम्प्लेट बदलल्यावरही जुन्या नावाकडेच जाणार. म्हणजे दुरुस्ती आधी रीडायरेक्टमध्येच हवी होती. आधीच्या नियमाच्या वर नवा नियम घातला: विनंती गेट किंवा हेड (नुसतं हेडर मागणारी) नसेल तर ३०८. बाकीच्यांना ३०१ राहू दिला, कारण एखाद्या जुन्या प्रोग्रॅमला ३०८ कळणार नाही अशी धास्ती वाटली.

घाईत मी यजमाननावाची अट उचलून नव्या नियमाच्या डोक्यावर नेली. मागे उभ्या असलेल्या आमच्या नव्या सहकाऱ्याने पडद्यावर बोट ठेवलं. "मॅडम, आता खालच्या नियमाला अट उरलीच नाही."

अट फक्त तिच्या लगेच खालच्या एका नियमाला लागू होते. खालचा नियम उघडा पडला होता, त्याच्या 'टक्का एक'मध्ये काही आलं नसतं, आणि प्रत्येक पान नव्या नावाच्या आधी नुसता टिंब असलेल्या, अस्तित्वात नसलेल्या पत्त्यावर गेलं असतं. तेही ३०१ ने. अपाचीची तपासणी आज्ञा फक्त व्याकरण बघते, तिने हे पास केलं असतं. मी अट दोन्ही नियमांवर लिहिली, त्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली आणि मग सर्व्हरला सौम्यपणे रीलोड दिला. अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती. या अर्जाला लॉगिन नव्हतं हे आमचं नशीब. लॉगिनची ओळख ब्राउझर कुकीत साठवतो, आणि कुकी त्या त्या नावाशी बांधलेली असते, लॉगिन असतं तर प्रश्न इथे संपला नसता.

मग मी पुन्हा जुन्या नावाचा लॉग उघडला आणि सकाळपासूनचे पोस्ट आणि ३०१ एकाच ओळीत असलेले मोजले. एकशे सदतीस. काही जणांनी तीन-तीन, चार-चार वेळा पाठवलं होतं. त्यांनी काय लिहिलं होतं ते परत मिळण्याचा मार्ग नव्हता. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये विनंती कुठली आणि उत्तर काय एवढंच लिहिलेलं असतं, पाठवलेला मजकूर नसतो. पहिलं पान मात्र साध्या, डोमेनचं नाव न लिहिलेल्या पत्त्यावर जात होतं, त्यामुळे नाव, ईमेल आणि फोन डेटाबेसमध्ये पोचले होते. पहिलं पान आहे आणि दुसरं नाही, असे बासष्ट जण निघाले.

योजनेच्या प्रमुख मॅडमना मी जाऊन सांगितलं, चूक कुणाची तेही. त्यांनी मुदत चार दिवसांनी वाढवली आणि म्हणाल्या, "ईमेल पाठवा, पण फोनही करा." काका, सहकारी आणि मी यादी वाटून घेतली. पहिलं वाक्य ठरवून ठेवलं होतं: टॅब अजून उघडा असेल तर बंद करू नका, मागे जायचं बटण दाबून बघा. पाठवलेला फॉर्म अनेकदा ब्राउझरच्या आठवणीत शिल्लक असतो.

माझ्या यादीतली चौथी एक मुलगी होती. तिने निबंध तीनदा लिहिला होता, फोनवर, अंगठ्याने. "टॅब आहे," ती म्हणाली. "मागे जाते... आलं! पण हे तिसऱ्यांदा लिहिलेलं आहे."

"आहे ते आधी पाठवा. मी इथे बघतेय."

दोन्ही लॉग मी समोर चालू ठेवले होते. तिने दाबल्याचं मला फोनवर ऐकू आलं नाही, पण ओळी आल्या. जुन्या नावाच्या खिडकीत पोस्ट, ३०८. नव्या नावाच्या खिडकीत पोस्ट, ३०३, आणि खाली पोचपावतीच्या पानासाठी गेट, २००. तिने पावती क्रमांक वाचून दाखवला, मी डेटाबेसमध्ये बघितला. तोच होता.

"पहिल्यांदा लिहिलेलं कुठे असेल का हो?" तिने विचारलं. "ते जास्त चांगलं होतं. तिसऱ्या वेळी मी कंटाळून अर्धंच लिहिलं."

"नाही," मी म्हणाले. "ते आमच्याकडे पोचलंच नाही. चूक आमची आहे."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चार दिवस वाढलेत ना? मी परत लिहिते. पाठवलेला अर्ज बदलता येईल का?"

तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये नव्हती. "उद्या सकाळी येईल," मी सांगितलं, आणि फोन ठेवून सहकाऱ्याला खुर्ची ओढून बसायला सांगितलं.