तुम्ही विचारलंत म्हणून: कमरेचं दुखणं आणि केटलबेल

“मणक्याचं एवढं मोठं दुखणं काढलंत आणि आता तो लोखंडी गोळा झुलवता? मलाही सुरू करायचंय, पण भीती वाटते. तुम्ही सुरुवात कशी केलीत?”

हे मला बँकेत विचारतात, सोसायटीच्या जिन्यात विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकू विचारतात. विचारणाऱ्याची बहुधा स्वतःचीच कंबर धरलेली असते, नाहीतर घरात कुणाची तरी. जिन्यात उभं राहून दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे नाही आणि अर्धवट सांगितलं तर कुणाला तरी इजा होईल, म्हणून सविस्तर लिहिते. तो लोखंडी गोळा म्हणजे केटलबेल, वर मूठ असलेलं ओतीव वजन.

माझं दुखणं असं. स्कूटर डबल स्टँडला लावताना कमरेत लचक भरली. घरच्यांना वाटलं उसण आहे. शेकलं, मलम चोळलं. पण कंबर राहिली बाजूला आणि कळ डाव्या नितंबातून, पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरायला लागली. एमआरआयमध्ये निघालं की कमरेतल्या एल-४ आणि एल-५ मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून नस दाबते आहे. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला आडवं झोपवलं, पायाच्या अंगठ्यावर आपलं एक बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अंगठा वर उचलून धरा. मी दाबते, तुम्ही खाली जाऊ देऊ नका.” उजवा अंगठा जागचा हलला नाही. डावा त्यांच्या एका बोटानं सहज खाली गेला. एमआरआयच्या रिपोर्टमधल्या सगळ्या शब्दांपेक्षा मला हे जास्त कळलं आणि पुढे सुधारणा किती झाली हे बघायलाही हाच अंगठा उपयोगी पडला.

ऑपरेशन लागलं नाही. बहुतेकांना लागत नाही. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा हळूहळू स्वतःच शोषून घेतं. मात्र लघवी-संडासवरचा ताबा सुटला, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर व्यायाम, मालिश, ओळखीचा वैद्य यात एक दिवसही घालवायचा नाही. ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. हे आधी सांगते, कारण पुढे लिहिलेलं काहीही त्या अवस्थेसाठी नाही.

कळ ओसरली तरी सल्ले ओसरले नाहीत. वाकू नका, वजन उचलू नका, पट्टा सोडू नका. पहिल्या काही आठवड्यांसाठी यात शहाणपण आहे. जन्मभरासाठी दिला तर हाच सल्ला माणसाला अधू करतो, असं माझं ठाम मत आहे. न वाकता संसार होत नाही. खालच्या ट्रॉलीतून कुकर काढायचा असतो, गादीखालची चादर खोचायची असते, भाचीचं बाळ हात पसरून समोर उभं असतं. वाकायचं तर आहेच, फक्त भीत भीत, अंग चोरून आणि दिवसेंदिवस अशक्त होत जाणाऱ्या पाठीनं. कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या गादीला फुगवटा होता. म्हणजे ‘गादी बाहेर आलीय’ एवढ्यावरून कुणी आयुष्यभर कुकर उचलायचा नाही असं ठरत नाही. माझ्या मॅडम म्हणाल्या होत्या, “वाकणं बंद नाही करायचं, वाकणं शिकायचं.” केटलबेल माझ्या आयुष्यात आलं ते यासाठी.

त्याआधी बराच काळ लोखंडाला हातही नव्हता. चालणं होतं, रोज, थोडं थोडं वाढवत. हात-गुडघे टेकून ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांबवणं होतं. कुशीवर कोपरावर अंग तोलून धरणं होतं. हे व्यायाम दिसायला बिनमहत्त्वाचे वाटतात, पण कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात अख्खी कारकीर्द मणक्यावर काम केलेले स्टुअर्ट मॅकगिल यांनी कंबरदुखीसाठी जे तीन मूळ व्यायाम सुचवले, त्यांतले दोन हेच. पायातली कळ थांबली, अंगठ्यात जोर आला, डॉक्टरांनी होकार दिला, मग पुढचं.

पुढचं म्हणजे पुन्हा लोखंड नाही. झाडूची दांडी.

दांडी पाठीवर उभी धरायची. डोक्याचा मागचा भाग, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली हवी. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहायचं. गुडघे किंचित सैल. आता खाली बसायचं नाही, नितंब मागे न्यायचे, भिंतीला टेकेपर्यंत. टेकले की पाऊलभर पुढे सरकून पुन्हा. दांडी तिन्हीपैकी एका जागेवरूनही सुटली, तर समजायचं की वाकणं खुब्यातून न होता कमरेतून झालं. मांडीच्या मागचे स्नायू ताणले गेले, तर बरोबर चाललंय. आपल्यापैकी बहुतेकांना एक तर उकिडवं बसता येतं, नाहीतर पाठीची कमान करून ओणवता येतं. पाठ सरळ ठेवून, दार बिजागरीवर फिरावं तसं खुब्यावर फिरणं, ही तिसरी हालचाल आपण विसरलेलो असतो. मला ती यायला वेळ लागला आणि तो दिलेला वेळ पुढे प्रत्येक दिवशी कामी आला. तुम्ही या टप्प्याला कंटाळाल. कंटाळा आला तरी तो गाळू नका. माझं सगळं सांगणं खरं तर या एका हालचालीबद्दल आहे.

मग ८ किलोचं केटलबेल. जमिनीवर नाही, जेवायच्या लाकडी पाटावर ठेवलेलं. दोन पाट एकावर एक ठेवले तर मूठ आणखी वर येते आणि कमी वाकावं लागतं. पावलांच्या बरोबर मधोमध ठेवून, नितंब मागे नेऊन, मूठ धरून उभं राहायचं. याला डेडलिफ्ट म्हणतात. केटलबेलचा आकार इथं फार मोलाचा आहे. गोळा दोन पायांच्या मधे मावतो, त्यामुळे वजन शरीराच्या अगदी जवळून वर येतं. मणक्यावरचा भार नुसता किलोंवर ठरत नाही, वजन अंगापासून किती लांब आहे यावरही ठरतो. हात लांब करून बाथरूमच्या कोपऱ्यातली पाण्यानं भरलेली बादली उचलण्यापेक्षा पाटावरचं ८ किलो कमरेला हलकं जातं. एक पाट काढणं, मग दुसरा काढणं, ही माझी प्रगती होती. वजन वाढवण्याचा विचार त्यानंतरचा.

वजनांबद्दल एक माहिती कामाची आहे. ही मुळात रशियातली धान्य तोलायची वजनं. तिथलं जुनं माप पूद, म्हणजे १६.३८ किलो. म्हणून पारंपरिक केटलबेल्स १६, २४, ३२ किलोंची असतात: एक पूद, दीड, दोन. एका वजनावरून दुसऱ्यावर जाताना ८ किलोंची उडी. धडधाकट माणसाला ती ठीक, आपल्याला नाही. हल्ली ४-४ किलोंच्या फरकानं मिळतात, ती घ्या: ८, मग १२, मग १६. विकत घेताना दोन्ही हातांनी मूठ धरून बघा. दोन्ही तळवे मावले पाहिजेत आणि मुठीच्या आतून ओतकामाची धार लागता कामा नये. थोडी खरखर असेल तर काचपेपरनं जाते. स्वस्तातली प्लास्टिकच्या आवरणाची, आत सिमेंट भरलेली मिळतात, ती बोजड असतात, मनगटाला आणि पायांना अडतात. कुणी म्हणालंच की ही परदेशी खुळं कशाला, तर आपल्या तालमींत मुद्गल आणि करेला ही जड लाकडी साधनं पिढ्यानपिढ्या फिरवली जातात. वजन मुठीपासून लांब ठेवून झुलवायचं, हे आपल्याला नवीन नाही.

एका हातात केटलबेल घेऊन ताठ चालणं मी डेडलिफ्टच्या सोबतीनंच सुरू केलं आणि सगळ्यांना आधी तेच सुचवते. शरीर वजनाच्या बाजूला झुकायला बघतं, तुम्ही त्याला झुकू द्यायचं नाही. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग हात बदलून परत. मंडईतून पिशव्या आणताना याचा गुण पहिल्यांदा कळतो.

आता स्विंग, कारण सगळ्यांना तोच करायचा असतो. व्हिडिओमध्ये तो हातांचा व्यायाम दिसतो. हातांनी काहीच उचलायचं नसतं. गोळा दोन पायांच्या मधून मागे जातो, खुबे झटक्यात सरळ होतात, नितंब आणि पोट आवळलं जातं आणि त्या जोरानं तो छातीपर्यंत तरंगत येतो. त्या क्षणी श्वास सुटतो. फार हलकं वजन घेतलं तर खांद्यांनी उचलायचा मोह होतो, म्हणून मी स्विंग ८ वर न शिकता दोन्ही हातांनी १२ वर शिकले. त्याआधी १२ चं डेडलिफ्ट मला कंटाळवाणं वाटण्याइतकं सोपं झालेलं होतं.

इथं एक धोका सांगायला हवा. मॅकगिल यांनीच एका सहकाऱ्याबरोबर १६ किलोच्या स्विंगमध्ये मणक्यावर येणारा भार मोजला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दाब सुमारे ३२०० न्यूटन (न्यूटन हे बल मोजायचं एकक) आला, तो मणक्यासाठी फार मोठा नाही. पण नेहमीच्या वजन उचलण्यात मणके एकमेकांवरून ज्या दिशेला घसरू पाहतात, त्याच्या उलट दिशेला स्विंगमध्ये ओढ लागते. म्हणून काहींची कंबर स्विंगनं सुधारते आणि काहींना मात्र जड डेडलिफ्ट चालतं पण स्विंगनं दुखतं. तुम्ही दुसऱ्या गटातले निघालात, तर स्विंग सोडून द्या. डेडलिफ्ट, चालणं आणि केटलबेल छातीशी धरून स्टुलावर बसणं-उठणं, एवढ्यावरही शरीर उत्तम घडतं.

“दुखलं तर थांबायचं का?” हा पुढचा प्रश्न. कुठं दुखतंय ते बघा. मांड्यांचे, नितंबांचे स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकले, तर ते कामाचं दुखणं. कळ कमरेतून पायाकडे उतरायला लागली, मुंग्या पोटरीखाली गेल्या, तर त्या दिवशीचा व्यायाम तिथंच संपला आणि पुढच्या वेळी एक पायरी मागे. उलट पायातली कळ वर सरकून कमरेशी गोळा होत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखूनही ते सहसा सुधारणेचं लक्षण असतं. मॅडमनी हे समजावलं नसतं तर मी चांगल्या दिवसांनाच घाबरले असते. आणखी एक, सकाळी उठल्या उठल्या हे करू नका. रात्रभर आडवं राहिल्यानं गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि वाकताना जास्त ताणल्या जातात. मी संध्याकाळी बँकेतून आल्यावर करते, अनवाणी, खाली रबरी मॅट टाकून. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या दुपारच्या झोपेचाही त्यात विचार आहे.

वजन उतरतं का, दम वाढतो का, हेही विचारतात. डेन्मार्कमध्ये ४० नोकरदारांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये आला. त्यातल्या एका गटाला आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं केटलबेल दिलं. त्यांची मान-खांद्यांची आणि कमरेची दुखणी कमी झाली, पाठीचे स्नायू बळकट झाले, पण दमसास मात्र वाढला नाही. ते माझ्यासारखे गादी सरकलेले रुग्ण नव्हते, तरी माझा अनुभव याच्याशी जुळतो. म्हणून माझं चालणं मी सोडलेलं नाही. कपडे सैल झाले ते चालणं, जेवणाची वेळ आणि लोखंड या तिन्हींमुळे. एकट्या केटलबेलला मी त्याचं श्रेय देणार नाही. त्याचं श्रेय वेगळं आहे: स्कूटर मी आता डबल स्टँडलाच लावते.

शिकवणारा शोधाल, तेव्हा आधी स्वतःचे रिपोर्ट दाखवा आणि तो ते वाचतो का बघा. दुखणं केव्हाचं, कळ कुठवर जायची, कुणी परवानगी दिली, हे त्यानं विचारलं पाहिजे. मग त्यानं तुम्हाला नुसतं वाकून दाखवायला सांगितलं, तर फी भरा. पहिल्याच दिवशी हातात केटलबेल देऊन “मारा स्विंग” म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा आणि दुसरा शोधा.