बंद दुकानांसमोर थांबणारे काका

मिनेसोटातला २०१९ चा हिवाळा इथे राहणारं कुणी विसरलं असेल असं मला वाटत नाही. ३० जानेवारीला मिनियापोलिसचा पारा उणे ३३ सेल्सिअसपर्यंत उतरला, टपाल वाटायलाही कुणी बाहेर पडलं नाही. थंडी जरा ओसरली आणि बर्फ सुरू झाला. फेब्रुवारीच्या एका महिन्यात ३९ इंच, म्हणजे जवळजवळ मीटरभर. फुटपाथ कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो, तेच कळेना.

मी इथल्या एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. बायपास झालेल्या, झटका येऊन गेलेल्या लोकांना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. गार वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावरचा ताण वाढतो, त्यात निसरडं. अशा दिवसांत "रोज चाला" म्हणून सांगायचं तर कुठे चालायचं तेही सांगावं लागतं. आमच्याकडे त्याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ब्लूमिंग्टनचा मॉल ऑफ अमेरिका. १९९२ सालापासून उभा असलेल्या या मॉलच्या एका मजल्याची फेरी ०.५७ मैलांची आहे, किलोमीटरला थोडी कमी. मधल्या मोकळ्या जागेत हीटर जवळजवळ नाहीतच. काचेच्या छतातून येणारं ऊन, दिवे आणि माणसांच्या अंगची ऊब एवढ्यावर ती जागा उबदार राहते. दुकानं उघडण्याआधीच दारं उघडतात आणि पांढरे बूट घातलेली आजी-आजोबा मंडळी फेऱ्या मारू लागतात. महिन्यातून एकदा आम्ही तिथे टेबल मांडून बसायचो आणि चालणाऱ्यांचा रक्तदाब तपासायचो.

त्या फेब्रुवारीतल्या अशाच एका सकाळी माझी नजर एका गृहस्थांवर गेली. सत्तरीचे, डोक्याला माकडटोपी, स्वेटरवर मुलाचं असावं असं मोठं जॅकेट. पर्सांच्या दुकानासमोर हात मागे बांधून उभे. दुकान बंद होतं, आत अंधार. दोन-तीन मिनिटांनी ते चालू लागले. पुढच्या फेरीत लहान मुलांच्या बुटांच्या दुकानासमोर तसेच उभे. तेही बंदच. मागून त्यांची पत्नी आली. नऊवारी, वर लोकरी कोट, पायात स्पोर्ट्‌स शूज. मी मराठीत हाक मारल्यावर दोघंही आधी दचकले, मग अशी फुलली की मला माझ्या आईची आठवण झाली. कराडचे. काका एसटीत कंडक्टर होते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले.

"ह्यांना दुकानांचं येडच लागलंय बघा," काकू म्हणाल्या. "उघडी नसली तरी बघत उभं राहत्यात."

काका हसले नाहीत. त्यांनी मान वळवली.

त्या मान वळवण्याने मला शंका आली. पायाच्या धमन्या आतून अरुंद झाल्या की चालताना पोटरीच्या स्नायूला रक्त कमी पडतं आणि गोळा येतो. थांबलं की दुखणं जातं. चारचौघांत सारखं थांबायची लाज वाटते, म्हणून माणूस काहीतरी बघतोय असं दाखवतो. जर्मन भाषेत या आजाराला शाऊफेन्स्टरक्रांकहाइट असाच शब्द आहे, दुकानाच्या काचेचा आजार. शिकताना तो शब्द मला मजेशीर वाटला होता. आता तो माझ्यासमोर माकडटोपी घालून उभा होता.

मी टेबल सहकाऱ्यावर सोपवलं आणि म्हटलं, "काका, मी येऊ तुमच्याबरोबर एक फेरी?" बरोबर चालताना मनात पावलं मोजत होते. ते थांबले तेव्हा मी हळूच विचारलं, "डाव्या पोटरीत गोळा येतो का?"

बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "एकशे ऐंशीला येतो, पोरी. रोज एकशे ऐंशीला. मोजायची सवय हाय मला."

माझाही आकडा एकशे ऐंशीच्या जवळपासच होता.

दोन वर्षांपासून दुखत होतं. गावाकडच्या डॉक्टरांनी कंबरेची नस दबलीय म्हणून एमआरआय काढायला लावला, पट्टा दिला. कंबरेचंही असू शकतं, लक्षणं खरंच फसवी असतात. पण नस दबलेल्या माणसाला नुसतं उभं राहून आराम पडत नाही, त्याला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. काका ताठ उभे राहायचे आणि दोन मिनिटांत बरे व्हायचे. त्यांच्या बाबतीत ही एक गोष्ट कुणी विचारलीच नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

बाकावर बसवून मी त्यांना बूट-मोजे काढायला सांगितलं. तरुण बाईसमोर पाय पुढे करायला ते संकोचले. डावं पाऊल गार, कातडी चकचकीत, बोटांवर केस नाहीत. उजव्या पावलावर नाडी बोटांना लागली. डाव्या पावलावर मी दोन्ही जागा चाचपल्या, पुन्हा पुन्हा. काही लागलं नाही.

"विडी?"

"चाळीस वर्षं," काकूंनी उत्तर दिलं. "आन साखर बी हाय."

निदान करणं माझ्या अधिकारात नव्हतं. मुलाला फोन करून त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं. पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्याने जुना आजार म्हणून हात वर केले. पैसे मुलाने भरले. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, अशी साधी तपासणी असते. हा आकडा एकच्या आसपास असायला हवा. ०.९ च्या खाली गेला की धमन्यांचा आजार. काकांच्या डाव्या पायाचा ०.५८ आला. पायात हे असेल तर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही असण्याची भीती असते, म्हणून हृदय तपासलं, गोळ्या सुरू झाल्या.

आणि उपाय म्हणून पुन्हा चालणंच. लोकांना हे पटत नाही, दुखतंय तर विश्रांती घ्यावी असंच वाटतं. पण पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, दुखणं पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. तासाभराच्या आत-बाहेर, आठवड्यातून तीनदा, निदान तीन महिने. अशाने स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात काम करायला शिकतो. मी हे मराठीत कागदावर लिहून दिलं. रात्री झोपेत पाय दुखला किंवा पावलावरची जखम भरली नाही तर ताबडतोब डॉक्टर, हे लाल पेनाने.

लाजेचं मात्र कागदावर लिहिता येत नव्हतं. ते काकूंनी सोडवलं. सगळं ऐकल्यावर त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "मला सांगायचं न्हाई व्हय?" दुसऱ्या खेपेला काका थांबले की त्याही थांबायच्या, आणि दोघं त्या बंद काचेकडे पाठ करून उभी राहायची.

एप्रिलमध्ये परत जाण्याआधी ते टेबलापाशी आले. आकडा तीनशे दहावर गेला होता. खिशातून त्यांनी कराडहून आणलेला, अर्धा संपलेला विड्यांचा कट्टा काढून माझ्यासमोर ठेवला. मुलाच्या गॅरेजमध्ये उभं राहून ओढायचे, ते बंद करून तीन आठवडे झाले होते.

"हा भरणा," ते म्हणाले. ड्युटी संपल्यावर डेपोत पैसे जमा करायचे, तसंच.

जूनमध्ये काकूंच्या फोनवरून आवाजाचा निरोप आला. काका कराडात नदीकाठी, प्रीतिसंगमावर चालत होते, मागे मुलांचा गलबला. "पोरी, चारशे चाळीस. हितं बाकं बी लय हायत." मग लांबून काकूंचा आवाज, "अवो, बसा की आता." आणि काकांचा, "थांब गं, अजून दुखंना."