चौथ्या खेपेचं पाणी

१ मे २०१६ ची ग्रामसभा. लातूर जिल्ह्यातलं गाव, नाव सांगत नाही. मी तिथं ग्रामसेवक होतो. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जो आकडा कमी तो कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. एरवी तेवढ्यासाठीही शिपायाला गल्लोगल्ली पिटाळावं लागतं. त्या दिवशी झेंडावंदन उरकलं तरी कुणी घरी जाईना. पुढं बाया बसल्या होत्या, रिकाम्या घागरी घेऊन.

जिल्हाच तापला होता. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्याकडे टँकर. माणशी रोज २० लिटर हा निकष. लोकसंख्या २,४००, म्हणजे १२,००० लिटरच्या टँकरच्या ४ खेपा. येत होत्या ३.

सरपंचबाई राखीव जागेवर निवडून आलेल्या. आवाज इतका हळू, की मासिक सभेत मला वाकून ऐकावं लागे.

विरोधी पॅनेलचा एक तरुण उठला. "भाऊसाहेब, सरपंचांना विचारा, चौथ्या खेपेचं पाणी कुठं मुरतंय? यांच्या द्राक्षांत?" मागून शिट्ट्या. बाईंचे यजमान बाह्या सारत उठले. त्यांच्याकडे न बघताच बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही बसा. अध्यक्ष मी आहे."

पण आरोपाला उत्तर म्हणून एक शब्द नाही. आणखी कुणाला बोलायचंय का, एवढंच विचारत राहिल्या. तासभर लोक बोलले, काही तर नुसते ओरडलेच. मी पोलिसांच्या बीट जमादारांना फोन लावायच्या बेतात होतो. बाईंनी मानेनंच नको म्हटलं. अगदी शेवटी तांड्यावरची एक म्हातारी उभी राहिली. टँकर गावातल्या विहिरीत ओततात, आम्ही येईतो खाली गाळ राहतो, म्हणाली. हे आजवर कुणी बोललं नव्हतं.

मग बाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, टँकरचं लॉगबुक वाचा. एप्रिलपासून, रोजचं."

मी तारीख वाचायचो, त्या विचारायच्या, "ही सही कुणाची?" बायांमधून हात वर यायचा. रोज तीनच सह्या. चौथी खेप टँकर भरायच्या जागी रांगेतच अडकत होती. गावात शिरतच नव्हती, तर बागेत जाणार कुठून?

ती वही बाईंनी आदल्या रात्रीच माझ्याकडून नेऊन वाचली होती. म्हणजे उत्तर पहिल्या मिनिटापासून हाताशी होतं. तेव्हाच वही आपटली असती तर त्या तरुणाचं तोंड बंद झालं असतं, पण म्हातारीही उठली नसती. ओरडणारे सरपंच मी पुष्कळ पाहिले, आणि मख्ख बसून सगळं ग्रामसेवकाच्या माथी मारणारेही. या दुसऱ्या जातीला लोक उगाच शांत स्वभावाचे म्हणतात.

ठराव झाला: पहिली खेप थेट तांड्यावर, आणि चौथीसाठी गावकऱ्यांनी तहसीलला जायचं. मी लिहीत असताना बाई म्हणाल्या, "सूचक म्हणून यांचं नाव घाला." त्या तरुणाचं!

"मी कशाला?"

"प्रश्न तुम्हीच काढलात ना?"

त्यानं सही केली. बाईंच्या स्वतःच्या पॅनेलमधल्या दोघांना हे अजिबात रुचलं नाही. पुढं बरेच दिवस ते माझ्याशीही धड बोलत नव्हते. चौथी खेप मेच्या मध्यावर सुरू झाली, तीही रोज नाही.