मायट्रल व्हॉल्व्ह: बलून की ऑपरेशन?

सुरगाणा-पेठेकडून धाप लागते म्हणून नाशिकला आलेल्या तिशीतल्या बाईच्या इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) ‘सिव्हिअर एमएस’, म्हणजे मायट्रल झडप फार आवळलेली, असं लिहून येतं, आणि घरातले थेट ऑपरेशनच्या खर्चावर येतात. थांबा. झडप बलूनने, म्हणजे आत नेऊन फुगवलेल्या फुग्याने, उघडण्याजोगी आहे का, ते आधी पाहायचं.

लहानपणी घसा सुजून सांधेताप येतो, तो बरा होतो आणि विसरला जातो. पुढे कित्येक वर्षांनी झडपेच्या पाकळ्या कडांना चिकटतात. मायट्रल ही हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप; निरोगी असली तर ४ ते ६ चौरस सेंमी उघडते. दीडच्या खाली आली की आजार गंभीर, एकच्या खाली अतिगंभीर. नाडी जोरात चालली की रक्त खाली उतरायला वेळ कमी मिळतो आणि ते फुप्फुसात तुंबतं. म्हणून तर नाडी हळू करायची गोळी देतात.

इकोत विल्किन्स स्कोअर (झडप किती खराब झाली याचे गुण) लिहिलेला आहे का बघा, नसेल तर मागून घ्या. पाकळ्यांची हालचाल, त्यांची जाडी, खालच्या दोऱ्यांची जाडी आणि कॅल्शियम, या चौघांना १ ते ४ गुण देतात. बेरीज ८ किंवा कमी असेल तर बलून चांगला चालतो. पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. पाकळ्या जिथे जुळतात त्या कोपऱ्यात कॅल्शियम बसलं असेल तर बलूनचा जोर कडक जोड सोडून मऊ पाकळीवर येतो, पाकळी फाटते, आणि तातडीने छाती उघडावी लागते. झडपेतून रक्त उलटं येण्याची, म्हणजे गळतीची, पातळी आधीच मध्यम असेल तर बलून नको. अन्ननलिकेतून इको करून डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना, हेही पाहतात. गुठळी असली तर आधी रक्त पातळ करायच्या गोळ्या, मग पुन्हा इको.

बलून मांडीच्या शिरेतून जातो आणि वरच्या दोन कप्प्यांमधला पडदा टोचून डावीकडे उतरतो. मापाचा ढोबळ हिशेब सोपा आहे: सेंमीमधल्या उंचीला १० ने भागा आणि १० मिळवा. १५० सेंमी उंचीला २५ मिमी. सुरुवात त्याहून लहान मापाने करून थोडं थोडं वाढवतात, दरवेळी इकोत गळती तपासतात. झडप दीडच्या वर उघडली, किंवा गळती वाढू लागली, की तिथेच थांबायचं. काही वर्षांनी झडप पुन्हा आवळू शकते, म्हणून इको चालूच ठेवायचा.

बलून जमणारा नसेल तर झडप बदलावी लागते. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. टिश्यूची, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, तरुण वयात लवकर खराब होते. मूल हवं असेल तर हे ऑपरेशनआधीच बोला: वॉरफेरिन, म्हणजे ही रक्त पातळ करायची गोळी, पहिल्या तिमाहीत गर्भाला धोक्याचं आहे.

मायट्रलच्या धातूच्या झडपेला आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते सांगणारी तपासणी) साधारण २.५ ते ३.५ लागतो. मेथी, पालक, शेपू बंद करू नका, आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवा. द्राक्षं नेहमीसारखी खा. औषधांशी भांडणारं ‘ग्रेपफ्रूट’ हे वेगळंच, पपनसाच्या जातीचं फळ आहे. अंगदुखीची गोळी, जुलाबावरचं मेट्रोनिडाझोल किंवा गावचा काढा मनाने घेऊ नका. ‘तपासणी नको’ म्हणून रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्यांवर जाण्याचा आग्रह धरू नका, धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

सरकारी महात्मा फुले योजनेची मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटा.

आणि सांधेताप पुन्हा उलटू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन. बलून झाला किंवा झडप बदलली तरी ते सुटत नाही: मोठ्या माणसाला १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, निदान १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर. झडप फार आवळलेली आणि धाप असेल तर इंजेक्शनऐवजी गोळ्या द्यायच्या का, हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. तारीख लक्षात ठेवायला सोपी आहे. पहिलं इंजेक्शन बुधवारी, नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार भरतो त्या दिवशी घेतलं, तर पुढचं प्रत्येक बुधवारीच येतं, दोन बाजार सोडून तिसऱ्याला.