61 हाडं, एक डीएनए

हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन शहराच्या दफनभूमीतल्या हाडांचे 61 नमुने तपासले, आणि वापरण्याजोगा डीएनए निघाला तो एकाच नमुन्यातून. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे तेव्हाचे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे यांच्या उत्खननातला हा नमुना. 2019 मध्ये 'सेल' नियतकालिकात निबंध आला, हडप्पाकालीन लोकांचे पूर्वज कोण, या त्यातल्या निष्कर्षावरून भांडणं रंगली. बाकीचे 60 का वाया गेले, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

डीएनएचा खरा वैरी उष्णता, आणि तिला पाण्याची साथ. सैबेरियाच्या गोठलेल्या मातीत जे हजारो वर्षं टिकतं, ते हरियाणाच्या उन्हाळ्यात तुटत तुटत 30 ते 70 अक्षरांच्या (डीएनएची अक्षरं म्हणजे त्याच्या साखळीतले ए, सी, जी, टी हे घटक) चुऱ्यावर येतं. त्यात जमिनीतले जीवाणू हाडात घर करतात, मग हाडातून निघालेला बहुतेक डीएनए त्यांचाच भरतो.

म्हणून मांडीच्या हाडाच्या दणकट रूपाला भुलू नये. नमुना घ्यायचा तो कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवती असलेल्या पेट्रस हाडातून. त्यातही गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या कॉक्लियाभोवतीचा दाट थर तेवढा हवा. बाजूचा सच्छिद्र भाग आला की माल पातळ झाला. पूड लागते साधारण 50 मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. ड्रिल हळू फिरवायचं, नाहीतर घर्षणाने हाड तापतं आणि उरलंसुरलंही तुटतं.

ही पूड ईडीटीए आणि प्रोटिनेज के यांच्या द्रावणात 37 अंशांवर रात्रभर हलवत ठेवतात. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, प्रोटिनेज प्रथिनं फोडतं. मग सुटा झालेला डीएनए सिलिकावर, म्हणजे तो चिकटून बसतो अशा काचेसारख्या पदार्थावर, धरायचा. इथे ताज्या रक्तासाठीची नेहमीची पद्धत वापरली तर आखूड तुकडे सिलिकाला धरतच नाहीत, धुण्यात जातात. आणि आपल्याला हवे असतात नेमके तेच. दर खेपेला एक नळी पुडीशिवाय चालवायची. तिच्यात माणसाचा डीएनए दिसला, तर सगळी खेप संशयात.

खरी गंमत पुढे आहे. जुना डीएनए ओळखायचा तो त्याच्या बिघाडावरून. तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिनचं, म्हणजे 'सी' अक्षराचं, युरॅसिल होतं आणि डीएनए वाचणारं यंत्र 'सी'च्या जागी 'टी' वाचतं. नमुना अगदी निर्दोष निघाला तर हुरळून जाऊ नये. बहुधा तो खणणाऱ्याच्याच शिंकेतला असतो! युरॅसिल काढून टाकणारं एन्झाइम वापरतात तेही बेतानं, टोकाची खूण शाबूत ठेवून.

राखीगढीच्या 'आय6113' या नमुन्यातून शंभराहून जास्त लायब्रऱ्या (यंत्रात वाचण्याजोगे तयार केलेले डीएनए-तुकड्यांचे संच) करून एकत्र कराव्या लागल्या, तेव्हा कुठे तुलनेपुरता मजकूर हाती आला. ती व्यक्ती स्त्री निघाली, त्यामुळे पुरुषाच्या एकुलत्या एक्स गुणसूत्रावर करतात ती भेसळीची सोपी तपासणी (एकाच प्रतीत दोन वेगळी वाचनं आली तर दुसऱ्याचा डीएनए मिसळलाय) इथे उपयोगाची नव्हती.

यातलं बरंच काही खड्ड्यातच ठरतं. हाडं पाण्याने धुणं, उन्हात वाळत घालणं, भेगांवर फेविकॉल किंवा वार्निश चढवणं ही जुनी 'काळजी' डीएनएच्या मुळावर येते. हातमोजे आणि मास्क घालून, माती तशीच ठेवून, हाड कोरड्या थंड जागी न्यावं. कापण्याआधी मायक्रो-सीटी (अतिसूक्ष्म त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) करावं, कारण पूड झालेल्या कानाचा आकार परत मिळत नाही. आणि पेट्रस दोन्ही बाजूंना असतं: डावं वापरलं तर उजव्याला हात लावायचा नाही, पुढच्या पिढीच्या यंत्रांसाठी.