शिडीवरची रांग आणि उतरणीचे गुडघे

काल कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच टोक. ठाण्याहून पहाटेची कसारा लोकल, पुढे जीपने बारी गाव. ऑफिसातला जिना चढून दम लागणाऱ्या माणसाने हे का करावं, असं बायकोने विचारलं होतं. उत्तर अजून सापडलेलं नाही.

शेतं संपली आणि चढ अंगावर आला. पहिल्या तासातच टीशर्ट पिळून काढावा असा ओला. लोखंडी शिडीपाशी तर सुट्टीची गर्दी, म्हणजे दादरच्या पुलावर अडकल्यासारखं, फक्त खाली दरी. गज बर्फासारखे गार. माझे तळहात घामाने निसटत होते, आणि मागून नऊवारीतल्या एक आजी, पायात काही नाही, डोक्यावर ताकाचा हंडा. म्हणाल्या, "दादा, खाली बघू नका, पायरी बघा." त्या पुढे निघून गेल्या. वर पोचलो तर त्याच आजी ताक विकत बसलेल्या! दोन ग्लास प्यायलो.

देवीच्या छोट्याशा देवळाला हात लावला. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, दुसरीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले. वारा इतका की फोटोत सगळ्यांचे केस उभे.

उतरताना मात्र गुडघ्यांनी संप पुकारला. रात्री घरी आलो तर लिफ्ट बंद. तिसरा मजला. कठड्याला धरून, एकेक पायरी बघत चढलो.